जादूची पुस्तकं आणि आपली मुलं : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की आठवी ते बारावीच्या मुलामुलींच्या वाचनाबद्दल काय शंका असतील त्या पाठवा, तर व्हॉट्सअॅपवर आणि पत्रांतून जे प्रश्न आले त्यातले बरेचसे फँटसीचेच निघाले, म्हणजे जादू, ड्रॅगन, दुसऱ्याच जगातली राज्यं, शापित तलवारी वगैरे. म्हणून यावेळची सगळी पानं त्यालाच देतेय. मी सांगलीत रविवारी मुलांचा वाचनकट्टा घेते, त्यामुळे खाली जे सांगितलंय ते या मुलांसोबत वाचून, त्यांच्याशी वाद घालून सांगितलंय. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी दिलीत.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : माझा मुलगा आठवीत आहे. अभ्यास बरा आहे, पण हातात सतत जादूची जाडजूड पुस्तकं असतात. त्याचे बाबा म्हणतात वाचायचंच तर चरित्रं वाच, जनरल नॉलेज वाच, हे राक्षस-पऱ्या किती दिवस? दोन वर्षांनी दहावी आहे. आता हे थांबवावं का?

ताई, थांबवू नका. अजिबात नका. तेरा वर्षांचा मुलगा आपणहून मोबाईल बाजूला ठेवून चारशे पानांचं पुस्तक घेऊन बसतोय ही आजच्या घडीला किती मोठी गोष्ट आहे ते मी दर आठवड्याला बघते. इतकी पानं वाचायची म्हणजे चाळीस-पन्नास माणसं, कोण कोणाचा कोण, कुठल्या जादूला काय नियम, हे सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि दहावीला दुसरं काय लागतं हो, एका जागी बसायची सवय आणि वाचलेलं धरून ठेवायची सवय.

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की राक्षस-पऱ्या म्हणजे काही बाहेरून आलेलं फॅड नाही. आपल्या सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्या तारखेला आपण दरवर्षी मराठी रंगभूमी दिन करतो, तर त्या काळच्या नाटकांत राक्षस 'अललडुर्र' करत रंगमंचावर यायचे आणि मोठी जाणती माणसं ते बघायला बसायची. त्यानंतरच्या मराठी कादंबऱ्या बघा, हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची, दोन्ही अद्भुतरम्यच. आणि बाबांनी स्वतः लहानपणी 'चांदोबा' वाचला असेल तर विक्रम-वेताळ आठवतच असेल. वेताळ काय करायचा, मजेशीर गोष्ट सांगायचा आणि शेवटी न्यायाचा प्रश्न टाकायचा, यातलं खरं मोठेपण कोणाचं, चूक कोणाची, आणि उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. चांगली फँटसी आजही हेच करते.

एक उदाहरण देते. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ मध्ये आलं, म्हणजे हॅरी पॉटरच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. एका बेटावरचा शेरडं राखणारा गरीब पोरगा जादूच्या शाळेत जातो, तिथल्या एका मुलाशी त्याची इर्षा लागते, आणि आपण किती भारी आहोत हे दाखवायच्या नादात तो मेलेल्यांच्या जगातून काहीतरी बोलवायला जातो आणि त्यातून एक काळी सावली सुटते जी पुढं आख्ख्या पुस्तकभर त्याच्या मागं लागते. आमच्या कट्ट्यावरचा नववीतला एक मुलगा हे वाचून आला, पुस्तक उलटं ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्यात व्हिलनच नाही ओ, सगळं त्यानंच करून ठेवलंय." त्यावर तासभर भांडण झालं पोरांचं, की डिवचणाऱ्याची चूक जास्त का डिवचला गेला त्याची. हे भांडण वर्गात खऱ्या नावांनी झालं असतं तर पोरं गप्प बसली असती, कारण प्रत्येकाला आपलंच काहीतरी आठवलं असतं. अर्थसीतल्या पोराबद्दल बोलताना मोकळेपणी बोलली.

चरित्रं जरूर द्या, त्याच्या शेजारी ठेवा. पण एकाच्या बदल्यात दुसरं असा सौदा करू नका, नाहीतर दोन्ही सुटतील. आणि आज रात्री जेवताना त्याला फक्त एवढं विचारा, यातलं कुठलं पान तू परत वाचलंस? 'पुस्तकात काय आहे' असं विचारलं की मुलं परीक्षेसारखं उत्तर देतात. परत वाचलेलं पान कुठलं ते विचारलं की खरं काय आवडतं ते बाहेर पडतं. कोणी नकाशा परत परत बघतं, कोणी लढाई, कोणी दोन मित्रांचा अबोला सुटतो तो प्रसंग, कोणी नुसती जादूची नियमावली. पुढचं पुस्तक यावरून शोधायचं असतं, वयावरून किंवा मुखपृष्ठावरून नाही. मी कोणालाही पुस्तक सुचवायच्या आधी हा प्रश्न विचारतेच विचारते.

प्रश्न (तासगाव) : मी अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मैत्रिणी इंग्लिश फँटसीबद्दल बोलतात. मीपण सुरू केलं होतं पण वीस पानांत सोडलं, दर ओळीत दोन-तीन शब्द अडतात. मराठीतून वाचलं तर चालेल का? कमीपणाचं वाटतं.

बाळा, चालेल काय, पळेल! कमीपणा कसला त्यात. पोलंडमधली मुलं पोलिशमध्ये वाचतात, जपानमधली जपानीत वाचतात, त्यांना कोणी विचारत नाही. 'हॅरी पॉटर आणि परीस' मंजुल प्रकाशनानं काढलंय, तिथून सुरुवात कर. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं मराठी रूप मुग्धा कर्णिक यांनी केलंय, 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं, ते मोठं आहे, निवांत सुट्टीत घे. आणि मराठीतलंच जुनं काही हवं असेल तर नाथमाधवांची 'वीरधवल' लायब्ररीत शोध, भाषा जुनी आहे, पहिली पन्नास पानं नेट लावून वाचावी लागतात, मग सुटत नाही हातातून.

इंग्लिशपण सोडू नकोस मात्र. एक सांगते, फँटसीत जे शब्द अडतात ना त्यातले कितीतरी लेखकानं स्वतः बनवलेले असतात, गावांची नावं, प्राण्यांची नावं, मंत्र, ते लंडनच्या मुलीलापण पहिल्यांदाच दिसत असतात आणि तीपण 'असेल काहीतरी' म्हणून पुढं जाते. तूपण जा. पेन्सिलीनं छोटा टिंब कर शब्दाखाली, तोच शब्द तिसऱ्यांदा दिसला तरच अर्थ बघ. बरेचसे शब्द तोपर्यंत आपोआप कळलेले असतात.

दुसरी युक्ती म्हणजे मालिकेचा पहिला भाग मराठीत वाच आणि दुसरा इंग्लिशमध्ये, माणसं ओळखीची झालेली असतात, घर ओळखीचं असतं, मग भाषा तेवढी अडवत नाही. तिसरं, नावं ओळखीची आहेत असं पुस्तक निवड. रोशनी चोक्शी यांची 'आरू शाह' मालिका २०१८ पासून आली, त्यात अमेरिकेत म्युझियममध्ये राहणारी बारा वर्षांची मुलगी नको तो दिवा लावून बसते आणि मग पांडव, इंद्र, यमधर्म असं सगळं आपल्या घरचं निघतं. इंग्लिश सोपं आहे, पटपट पळतं. तुझ्या वयाला थोडी लहान वाटेल पण सुरुवातीला तेच बरं. तशीच 'पर्सी जॅक्सन', पहिला भाग 'द लाइटनिंग थीफ' २००५ चा, ग्रीक देवांची. त्याचे लेखक रिक रायर्डन शाळेत शिकवायचे, स्वतःच्या मुलाला झोपताना गोष्ट सांगायला त्यांनी हे सुरू केलं, त्या मुलाला डिस्लेक्सिया होता म्हणून हिरोलापण आहे, अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढं नाचतात. वाचायला अडतं असं ज्या मुलांना वाटतं त्यांना मी हे पुस्तक मुद्दाम देते, आणि 'मी' म्हणून बोलतो तो हिरो, छोटी वाक्यं, त्यामुळे पुढं पुढं जायला होतं.

प्रश्न (मिरज) : मुलगी चौदा वर्षांची. 'यंग अडल्ट फँटसी' असं लिहिलेलं पुस्तक ऑनलाइन मागवून दिलं, नंतर सहज चाळलं तर फारच मोठ्यांचं निघालं. बापानं ओळखायचं कसं?

तुमची काळजी अगदी बरोबर आहे दादा, आणि गोंधळ तुमचा नाही, बाजाराचा आहे. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेत 'यंग अडल्ट' म्हणजे १२ ते १८ वर्षं धरतात. आता बारा आणि अठरा यांच्यात किती अंतर आहे ते मुलीच्या बापाला मी काय सांगू. त्यात गेल्या काही वर्षांत प्रेमकथा आणि फँटसी एकत्र केलेली पुस्तकं खूप चाललीत, रील्समध्ये दिसतात, मुखपृष्ठ बघून कळत नाही. 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका २०१५ मध्ये आली तेव्हा किशोरांच्या विभागात ठेवली जायची, नंतर प्रकाशकानंच ती मोठ्यांची म्हणून नव्या मुखपृष्ठांसकट काढली. चौदाव्या वर्षी नकोच. आणि ड्रॅगन आहेत म्हणून लहान मुलांचं असंही धरू नका, 'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ पासून मोठ्यांसाठीच आहे.

ओळखायचं असं, की मुखपृष्ठ आणि स्टार सोडा, प्रकाशकाच्या पानावर वयोगट लिहिलेला असतो तो बघा, आणि पुस्तक हातात आलं की तीन ठिकाणी चार-चार पानं वाचा, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. सुरुवात सगळ्यांचीच सोज्वळ असते. शेवटच्या हिश्श्यात खरं कळतं.

पण एक विनंती आहे. मरण, दुःख, फसवणूक, एवढ्यावरून पुस्तक काढून घेऊ नका. हॅरी पॉटरच्या चौथ्या भागात शाळेतला एक चांगला मुलगा मरतो, विनाकारण मरतो, आणि मुलं ते वाचताना रडतात. रडू दे. त्या मालिकेची गंमत ही आहे की पहिल्या भागात हिरो अकराचा आहे आणि दरवर्षी एक वर्षानं मोठा होतो, पुस्तकंही तशीच गडद होत जातात, म्हणून सुट्टीत सातही भाग एका दमात देण्यापेक्षा मुलीच्या वयाबरोबर सावकाश पुढं जाऊ द्यावं असं माझं मत आहे. आणि जे पुस्तक तुम्ही मागवलंत ते गुपचूप लपवू नका. "हे मी चाळलं, अजून तीन-चार वर्षांनी वाच, तोवर हे घे" असं सरळ सांगा, आणि दुसरं तिथंच हातात द्या. मुलींना कारण सांगितलं की त्या ऐकतात.

प्रश्न (कराड) : मी दहावीत आहे. नारायण धारप वाचले, जाम आवडले. आई म्हणते रात्री भूतबित वाचू नको. ती म्हणते ते बरोबर आहे का?

रात्रीचं म्हणशील तर आईचं बरोबर, धारपांचं म्हणशील तर तुझं बरोबर. दुपारी वाच. धारप (१९२५–२००८) नुसते घाबरवत नाहीत, त्यांच्या 'समर्थ' कथा घे, त्यात वाईट शक्ती आहे तसा तिच्यासमोर शांतपणे उभा राहणारा माणूसपण आहे, आणि मला वाटतं तुला खरं तेच आवडत असणार. झोप उडत असेल तर गोष्ट अर्धवट टाकून झोपू नकोस, अर्धवट भीती जास्त त्रास देते, शेवट वाचून मगच दिवा घालव. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत कथासंग्रह वाच, कादंबऱ्या मार्चनंतर.

प्रश्न (वाई) : नातू सुट्टीत पुण्याहून येतो, इंग्रजी शाळेत आहे, बारा वर्षांचा. त्याच्याबरोबर वाचायला काही सुचवाल? मी शिक्षक होतो, आता सत्तरी ओलांडली.

सर, तुमच्यासाठी एकच सांगते, टॉल्किनचं 'द हॉबिट', १९३७ चं. ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते ते, आणि स्वतःच्या मुलांना सांगत सांगत हे झालं. त्यातलं पाचवं प्रकरण नातवाला तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा. अंधाऱ्या गुहेत, काळ्या पाण्याकाठी दोघांची कोड्यांची पैज लागते, हरला तर खाल्ला जाणार. प्रत्येक कोड्यापाशी थांबा, उत्तर पुढच्या ओळीत असतं ते हातानं झाका आणि त्याला ओळखू द्या. मग तुम्ही आपली कोडी घाला, तुमच्याकडे भरपूर असतील. माझ्याकडच्या मुलांनी हे प्रकरण दोनदा वाचायला लावलंय. त्याला मराठी वाचायला अवघड जात असेल तर एक पान त्यानं इंग्लिशमधून, एक तुम्ही सिंहासन बत्तिशीतून, असंही करता येईल, आणि कोणाची गोष्ट जास्त रंगली यावर भांडता येईल.

वाईला आहात तर त्याला पसरणी घाटानं पाचगणी करून भिलारला न्याच. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडली, प्रत्येक ठिकाणी वेगळा साहित्यप्रकार, आणि बसून कितीही वेळ फुकट वाचता येतं. बालसाहित्याच्या घरी त्याला सोडा आणि तुम्ही शेजारच्या घरी बसा.

प्रश्न (कवठेमहांकाळ तालुका) : आमचं गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे, 'ड' वर्ग, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात लहान. किशोरांसाठी थोडी फँटसी घ्यायची इच्छा आहे पण पैसे मोजके. काय घ्यावं?

तुमच्यासारख्या माणसांमुळे गावोगावी वाचन टिकून आहे, हे आधी मनापासून सांगते. आता कामाचं. मालिका आख्खी घेऊ नका. तीन वेगवेगळ्या मालिकांचे फक्त पहिले भाग घ्या, आणि ज्याची मागणी सारखी येईल त्याचाच दुसरा घ्या. सेटमध्ये स्वस्त पडतो म्हणून सात भाग घेतले आणि पहिला भागच कोणीतरी हरवला तर बाकीचे सहा कपाटात पडून राहतात, हे मी फार ठिकाणी बघितलंय. म्हणून जो भाग चालतो त्या पहिल्या भागाच्या दोन प्रती ठेवा. मराठी अनुवाद आधी, इंग्लिश एक-दोनच. एक-दोन पुस्तकं एकाच भागात संपणारी हवीत, कारण काही मुलं मालिकेला घाबरतात. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून वाचनालयांना पुस्तकांसाठी मदत करतं, त्याची चौकशी जिल्हा ग्रंथालय कार्यालयात करा.

आणि घेतलेली पुस्तकं काचेच्या कुलूपबंद कपाटात नको. मुलांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर, पाठ नाही तर मुखपृष्ठ दिसेल अशी उभी ठेवा. शाळा सुटायच्या वेळी एखाद्या पुस्तकाबद्दल दोन मिनिटं बोला, आख्खी गोष्ट सांगू नका, ऐन अडचणीत आणून सोडा. "आणि मग त्या पोराला कळलं की दाराच्या पलीकडे जे आहे ते त्याचंच नाव घेतंय. पुढचं वाचायचं असेल तर रजिस्टरात सही करा." एवढं पुरतं. पुस्तक परत आणून देईल त्याला, वर मी म्हटलं तसं, परत वाचलेलं पान विचारा आणि रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवा. सहा महिन्यांत तुम्हाला गावातल्या मुलांची आवड कुठल्याही यादीपेक्षा चांगली कळेल, पुढची खरेदी त्यावरूनच करा.

प्रश्न (भिलवडी) : मी बारावीत आहे आणि फँटसी लिहितोय. पण माझ्या गोष्टीत किल्ले, बर्फ, ड्रॅगन असंच येतं, आणि ते खोटं वाटतं. आपल्याकडचं लिहिलं तर कोणी वाचेल का?

वाचेल रे, मी तर नक्की वाचेन. तुझ्या वयाचं म्हणशील तर ख्रिस्तोफर पाओलिनीनं 'एरागॉन' लिहायला घेतलं तेव्हा तो पंधराचा होता, आधी घरच्यांनीच छापलं आणि २००३ मध्ये मोठ्या प्रकाशकानं काढलं. त्यानं ड्रॅगन लिहिला कारण तो तशाच गोष्टी वाचत वाढला होता. तू कशात वाढलास ते बघ. बर्फ तू बघितलेलाच नाहीस, मग त्यात चालताना पायाला काय होतं ते तुला कुठून येणार. पण कृष्णेचं पाणी घाटाच्या कितव्या पायरीवर आलं की गावातली माणसं सामान बांधायला लागतात ते तुला झोपेतपण सांगता येईल.

डोहातल्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता, त्या घे. आजीला, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचार, त्या कोणाला दिसतात, त्यांना हळदीकुंकू, बांगड्या, खण का वाहतात, नाही वाहिलं तर काय होतं. मग बसून तुझ्या गोष्टीचे नियम ठरव, आणि हे ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. त्या काय देऊ शकतात? त्याच्या बदल्यात काय घेतात? काय त्यांना कधीच जमत नाही? जादूला किंमत नसली की गोष्ट ढिली पडते, कारण मग हिरो अडकला की नवीन मंत्र, परत अडकला की आणखी नवीन मंत्र, आणि वाचणाऱ्याला काळजीच वाटत नाही. किंमत अशी हवी की ती द्यायची का नाही यावर तुझ्या हिरोची झोप उडाली पाहिजे.

माझ्या डोक्यात तुझं गाव वाचल्यापासून एक प्रश्न आहे, २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर येतो, डोह आणि शेत आणि रस्ता सगळं एकच पाणी होतं, तेव्हा त्या आसरा कुठं जातात? गावात येतात का, कोणाच्या माडीवर? तुझ्याकडे याचं वेगळं उत्तर असेल तर ते लिही, माझं धरू नकोस. पहिली वीस पानं झाली की आमच्या पत्त्यावर पाठव, वहीत हातानं लिहिलेली असली तरी चालतील, झेरॉक्स मात्र स्वतःकडे ठेव.